माझ्या दोन प्रेमकादंबऱ्या छापून आल्या! (नागपूरहून पुस्तक काढणं, विकणं आणि तुमचे प्रश्न)

बकुळा (धागाकर्ती):
मंडळी, बातमी आधी सांगते. ‘भेटू बर्डीला’ आणि ‘आंबिया’ या माझ्या दोन्ही कादंबऱ्या छापील पुस्तकांच्या रूपात आल्या आहेत. दोन्ही नागपूर आणि आसपासच्या आहेत, आणि मुखपृष्ठावर नावाखाली सरळ ‘प्रेमकादंबरी’ असं छापलं आहे.

पहिली तुमच्यापैकी काहींनी प्रतिलिपी या कथा वाचायच्या ॲपवर मालिका म्हणून वाचली असेल. ती सुभाषनगरहून ॲक्वा लाइनची मेट्रो पकडते, तिला कस्तुरचंद पार्कला कामावर जायचं असतं. तो अजनी चौकातून ऑरेंज लाइनने निघतो आणि चितारओळीत मूर्ती रंगवायला जातो. दोघांनाही सीताबर्डीला गाडी बदलावी लागते, आणि त्या गाडी बदलण्याच्या काही मिनिटांत त्यांची ओळख होते, वाढते, तुटते, पुन्हा जुळते. गणपतीच्या आधी तो बरेच दिवस दिसतच नाही, कारण चितारओळीत तेव्हा रात्र-रात्र काम चालतं. तिला ते माहीत नसतं. ते भाग टाकत होते तेव्हा वाचकांनी मला अक्षरशः झोपू दिलं नाही.

‘आंबिया’ (म्हणजे संत्र्याचा हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा बहार) नवी आहे. काटोलकडे संत्र्याची बाग एकटीने सांभाळणारी पंचेचाळिशीची बाई, आणि शेंदुरजना घाटचा एक रोपवाटिकावाला. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत, मुलगी पुण्याला नोकरी करते. पुढचं पुस्तकात.

ही कादंबरी एका प्रकाशकांनी स्वीकारली होती. पण त्यांना तीन गोष्टी बदलून हव्या होत्या: ‘प्रेमकादंबरी’ऐवजी ‘कौटुंबिक कादंबरी’ म्हणायचं, संवादांतली आपल्याकडची बोली काढून प्रमाण भाषा करायची, आणि या वयातल्या बाईचं प्रेम जरा ‘सौम्य’ करायचं. मी नाही म्हटलं. तिन्ही गोष्टी काढल्या की त्या पुस्तकात माझं काही उरतच नव्हतं. मग दोन्ही पुस्तकं स्वतःच काढायची ठरवली.

स्वतः पुस्तक काढणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, विकत घेऊ नका. आपल्या देशात तो फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या पोर्टलवर लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पुस्तकाचं शीर्षकपान लागतं. छापील आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक घ्यावे लागतात. या क्रमांकासाठी माझ्याकडे एकाने चांगले पैसे मागितले होते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

विचारा काय विचारायचं ते. जेवढं येतं तेवढं सगळं सांगते.

इतवारीची_लेक:
अगं बाई, अभिनंदन! मी ‘भेटू बर्डीला’चा एकेक भाग वाट पाहून पाहून वाचला आहे. तो बारावा भाग आला तेव्हा मी कुकरची शिट्टी विसरली होती. आता आईसाठी दोन्ही पुस्तकं घेणार. मिळून कुठे राहिली ते सांग न. बर्डीला दुकानात आहेत का?

फर्मा:
मनापासून अभिनंदन, ताई. माझा महालात छापखाना आहे, वडिलांपासूनचा, म्हणून माझे प्रश्न वेगळे. कागद कोणता घेतला? सत्तर जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड असेल तर उत्तम, पांढराशुभ्र कागद कादंबरीला डोळ्यांवर येतो. पानं सोळाच्या पटीत बसवली का? लेखक लोक फर्म्याचा, म्हणजे सोळा पानांच्या जुडीचा, हिशेब न करता मजकूर आणतात. मग शेवटी दहा-बारा कोरी पानं राहतात आणि त्या कागदाचे पैसे त्यांच्याच खिशातून जातात. अशा वेळी अक्षराचा आकार अर्ध्या पॉइंटने कमी-जास्त केला, समास थोडा हलवला, तरी फर्मा बसतो.

आणि डिजिटल केलं की ऑफसेट? शंभर-दोनशे प्रती काढायच्या असतील तर डिजिटलच बरं. साधारण पाचशेच्या पुढे ऑफसेट परवडायला लागतं, कारण प्लेटचा खर्च एकदाच असतो आणि प्रती वाढल्या की तो प्रत्येक पुस्तकावर थोडा थोडा वाटला जातो. नव्या लेखकाने हौसेने हजार प्रती काढू नयेत हे मी गिऱ्हाईक परत पाठवूनही सांगतो. घरातल्या दिवाणाखाली पडलेले गठ्ठे मी फार पाहिले आहेत.

बकुळा (धागाकर्ती):
@इतवारीची_लेक, बर्डीतल्या एका दुकानात आणि धरमपेठेतल्या एका दुकानात ठेवली आहेत, विक्री झाली की पैसे या बोलीवर. दुकानदाराचं कमिशन चाळीस टक्के. पुस्तकाची किंमत ठरवताना हे आधीच धरावं लागतं, नाहीतर प्रत्येक प्रतीमागे पदरचे जातात.

@फर्मा दादा, डेमी आकार, नॅचरल शेड, मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन. ‘भेटू बर्डीला’ ऑफसेटवर, कारण तिचे वाचक आधीच तयार होते. ‘आंबिया’ची पहिली खेप डिजिटलवर लहानशीच काढली आहे.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो फॉन्टमध्ये. माझं सगळं लेखन युनिकोडमधलं. अक्षरजुळणी करणाऱ्यांकडे जुना फॉन्ट होता, त्यात मजकूर रूपांतरित केला आणि प्रुफं आली तर ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’ झालेलं, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’, आणि ‘हृदय’ हा शब्द जिथे जिथे होता तिथे चौकोन. प्रेमकादंबरीत हृदय किती वेळा येतं ते वेगळं सांगायला नको! आमच्या ओळखीच्या एक निवृत्त मराठीच्या बाई आहेत, त्यांनी शिसपेन्सिलीने ओळन् ओळ तपासून दिली. मुद्रितशोधनाचे पैसे वाचवू नका असं मी प्रत्येकाला सांगेन. वाचक एक चूक सोडून देतो, पानोपानी असतील तर पुस्तक खाली ठेवतो.

निरंजन_न:
अभिनंदन. तरीही एक वेगळं मत मांडतो, राग नसावा. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून काम करतो आहे. झाशी राणी चौकातल्या त्यांच्या वास्तूत मी तरुणपणापासून व्याख्यानं ऐकत आलो. तिथे आम्ही हेच शिकलो की लेखकाने लिहावं आणि बाजूला व्हावं. पुस्तकात दम असेल तर ते आपल्या पायांनी वाचकाकडे जातं. आता लेखकच रील काढतात, दुकानात उभे राहतात, स्वतःच्याच पुस्तकाचं कौतुक करतात, हे मला खटकतं. शिवाय मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अशा वेळी नव्या लेखकांनी प्रेमकथांपेक्षा जास्त गंभीर विषयांकडे वळावं असं मनापासून वाटतं.

बकुळा (धागाकर्ती):
काका, राग अजिबात नाही. तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, मीही तसंच लिहिते.

पुस्तक आपल्या पायांनी चालतं, पण ज्या पुस्तकामागे वितरक आहे, वर्तमानपत्राच्या पुरवणीत परीक्षण आहे, एखाद्या अभ्यासक्रमात नेमणूक आहे, त्याला वाटेत ठिकठिकाणी हात देणारे असतात. प्रेमकादंबरीचं परीक्षण तुम्ही शेवटचं कुठे वाचलंत? माझी वाचक व्याख्यानाला येत नाही, कारण संध्याकाळी सहाला ती स्वयंपाकघरात असते. पुस्तकांच्या दुकानात ती मुलांच्या गाइडसाठी जाते. दुपारी दोन ते चार एवढाच तिचा वेळ. माझं पुस्तक आलं आहे हे तिला कळणारच कसं? कोणी तरी जाऊन सांगायला हवं, आणि तिच्यासाठी लिहिलं आहे मी, तर ते सांगणं मलाच शोभतं.

आणि गंभीर म्हणाल तर, ‘आंबिया’तल्या बाईपुढचे प्रश्न बघा. बाग सासऱ्यांच्या नावावर आहे. दीर रोज हिशेब मागतो. मुलीचं लग्न ठरायचं आहे आणि आईचं नाव कोणाशी जोडलं गेलं तर ते मोडेल ही भीती आहे. गावात चार घरं तिला सणाला बोलवत नाहीत. या सगळ्यातून तिला एका माणसाचा हात धरायचा आहे. यापेक्षा गंभीर काय असतं, मला खरंच माहीत नाही. जात, पैसा, जमीन, आजारपण, माणसाची अब्रू, हे सगळं प्रेमाच्या वाटेवरच आडवं येतं, आणि आपल्याकडच्या बायका ते रोज जगतात. त्यांना त्यांची गोष्ट सुखान्त झालेली वाचायला मिळावी यासाठी मी लिहिते. शेवट गोड करते तोही विचार करूनच करते.

अभिजात दर्जा मिळालेल्या भाषेत बाजारात, मेट्रोत, बागेत बोललं जाणारं प्रेमही असायला हवं ना काका? तुम्ही ‘आंबिया’ वाचा. नाही आवडली तर इथे सविस्तर लिहा, मी एकेक मुद्दा वाचीन.

ग्रंथपाल_वर्धा:
मी वर्धा जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात आहे. निरंजनजींचा मान राखून सांगते, आमच्याकडे कोणतं पुस्तक चालतं हे बघायला मला देवघेवीचं रजिस्टर उघडावं लागत नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. प्रेमाच्या कादंबऱ्यांच्या चिठ्ठ्या दोन्ही बाजूंनी भरतात, मग त्यावर दुसरी चिकटवतो, मग तिसरी. पुठ्ठा सुटतो, पुन्हा बांधून आणतो. गाजलेल्या कितीतरी पुस्तकांच्या चिठ्ठ्या मात्र कोऱ्या करकरीत आहेत. आमच्याकडे येणाऱ्या बायका हळू आवाजात विचारतात, ‘तशी एखादी नवीन आली का हो?’ हळू आवाजात का विचारावं लागतं, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

बकुळाताई, तुमच्या कामाचं सांगते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे. मान्यताप्राप्त वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत असतात आणि अनुदानातला काही भाग पुस्तकांवर खर्च करतात. शासनमान्य ग्रंथांच्या यादीत पुस्तक असेल तर वाचनालयांना घेणं सोपं जातं, म्हणून ग्रंथालय संचालनालयाकडे वेळेत प्रती पाठवा. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानही वाचनालयांसाठी पुस्तकं खरेदी करतं.

आणि एक जबाबदारी, जी स्वतः पुस्तक काढणारे बहुतेक विसरतात. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत स्वखर्चाने प्रती पाठवाव्या लागतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं एशियाटिक सोसायटीतलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. तुम्हीच लेखक आणि तुम्हीच प्रकाशक, म्हणजे ते तुमचंच काम. पण त्यामुळे तुमची काटोलची बाई देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात कायमची राहील, हे किती छान!

बकुळा (धागाकर्ती):
ताई, त्या चिठ्ठ्यांबद्दल वाचून डोळे भरून आले. प्रती चारही ठिकाणी याच आठवड्यात पाठवते. आणि तुमच्या वाचनालयाला दोन्ही पुस्तकांची एकेक प्रत माझ्याकडून. नवीन चिठ्ठी चिकटवून ठेवा.

कोवळं_ऊन:
ताई, मी अजून कॉलेजात आहे, यवतमाळची. माझी एक छोटी कादंबरी एका प्रकाशकांना आवडली. पण करारात लिहिलं आहे की सर्व माध्यमांतले सर्व हक्क कायमचे त्यांचे, आणि मला एकरकमी मानधन. घरचे म्हणतात, पहिलं पुस्तक आहे, सही करून टाक. काय करू?

बकुळा (धागाकर्ती):
सही करू नकोस, एवढं आधी सांगते. घाई त्यांना असेल, तुला नाही. कायद्याचं इथले जाणकार सांगतील, पण छापील पुस्तक, ई-पुस्तक, ऑडिओ, भाषांतर आणि चित्रपट हे पाच वेगळे हक्क आहेत. त्यांना छापील हवं असेल तर फक्त छापील दे. प्रेमकथांना ऑडिओत चांगली मागणी आहे. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप आपल्याकडे २०१७ मध्ये आलं तेव्हा सुरुवातीच्या भाषांतच मराठी होती, ते उगाच नव्हतं. पोळ्या लाटताना, शिवणकाम करताना ऐकणाऱ्या बायका माझ्या ओळखीत कितीतरी आहेत. तो हक्क असा सहज देऊन टाकू नकोस.

काळा_कोट_अमरावती:
कोवळं ऊन, थोडं कायद्याचं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. हक्क सोपवणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, आणि कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी, किती मोबदला, हे त्यात लिहावं लागतं. कलम १९ म्हणतं की काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत लेखकाकडे येतो, करारात वेगळं ठरवलं नसेल तर. म्हणून तो ‘वेगळं ठरवलं’चा परिच्छेद बारीक अक्षरात कुठे दडला आहे ते आधी शोध. कालावधी पाच वर्षं, हक्क फक्त छापील मराठी आवृत्तीचे, आणि दर आवृत्तीला किती प्रती छापल्या याचं लेखी विवरण, एवढं माग. कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही, लिहिल्या क्षणापासून तो तुझा असतो. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. एवढ्या लांबच्या गोष्टीवर एका दुपारीत सही करायची नसते, बेटा.

हिशेबनीस:
याच ओघात आयकराचं. प्रकाशकाकडून मिळणाऱ्या स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) तीन लाखांपर्यंत वजावट मिळू शकते, पण ती जुन्या करप्रणालीतच. नवी प्रणाली निवडली असेल तर नाही. बकुळाताईंसारखं स्वतः छापून विकलं तर ते स्वामित्वधन नाही, व्यवसायाचं उत्पन्न आहे. मग छपाई, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, टपाल असा सगळा खर्च त्यातून वजा होतो, म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. फक्त छापील पुस्तकंच विकत असाल तर त्यासाठी नोंदणीही लागत नाही. मात्र छपाईचं बिल जीएसटीसकट येतं आणि तो तुम्हाला परत मिळत नाही, हे किंमत ठरवताना धरा.

सावली_धंतोली:
अभिनंदन बकुळा! एक खासगी प्रश्न, उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पुस्तकावर खरं नाव घातलंस का? मीही लिहिते, पण टोपणनावाने. सासरी कळलं तर काय म्हणतील याची धास्ती वाटते. विशेषतः तसे प्रसंग लिहिताना.

बकुळा (धागाकर्ती):
हो, पुस्तकावर खरं नाव आहे, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. घरात चर्चा झाली, नाही असं नाही. सासूबाईंनी ‘आंबिया’चं हस्तलिखित मागून घेतलं आणि तीन दुपारी खोलीचं दार लावून वाचलं. नंतर एवढंच म्हणाल्या, ‘तो तिच्यासाठी चहा ठेवते तो भाग वाढव.’ मी वाढवला, आणि तो पुस्तकातला सगळ्यात जिवंत प्रसंग झाला.

पण टोपणनावाने लिहिणं कमीपणाचं मुळीच नाही. लिहीत राहणं महत्त्वाचं. तुला ज्या नावाने मोकळं लिहिता येतं ते नाव तुझं. तसे प्रसंग म्हणशील तर मी पात्रांकडे बघते. पुस्तकातल्या त्या दोघांना जेवढं धाडस असेल तेवढं मी लिहिते. माझी बाग सांभाळणारी बाई पहिल्यांदा त्याच्या हातावरचा कलम बांधायच्या सुरीचा व्रण बोटाने चाचपते. वाचकांना ते पुरतं, कारण तोवर त्या तिच्यासोबत पावणेदोनशे पानं थांबलेल्या असतात.

काटोलकर:
प्रेमाच्या कादंबऱ्या मी वाचत नाही जी, पण संत्र्याचं नाव पाहून धागा उघडला. घरची बाग आहे, आजोबापासूनची. शहरातले लेखक शेतीवर लिहितात तेव्हा फार राग येते. आंबिया बहार म्हणता तर ताण कसा देतात, म्हणजे फुलोऱ्यासाठी झाडाचं पाणी कसं तोडतात, ते लिहिलं आहे का पुस्तकात? की नुसता फुलांचा वास?

बकुळा (धागाकर्ती):
दादा, तुमची शंका रास्त आहे. कादंबरीचा गाभाच ताण आहे. काटोल आणि नरखेडच्या बागांत हिवाळ्यात आणि पुन्हा फुलोऱ्यात राहून, विचारून, बघून लिहिलं आहे. एक तुकडा देते, तुम्हीच सांगा:

“पाणी तोडून बरेच दिवस झाले होते. दुपारी पानं माना टाकायची, पण रात्रीच्या थंडीत पुन्हा सावरायची. आज सकाळी ती बांधावर आली तेव्हा उन्हं निघायच्या आधीच पानं फिकट होती, कडांनी आत वळलेली. तिने एक पान तळहातावर घेतलं.
‘आता सोडू का पाणी?’
‘नाही जी. थोडं थांबा.’
‘मरेल न झाड.’
‘मरत नाही. बाई, झाडाले वाटलं पाहिजे का आता काही खरं नाही. मंगच ते फुलते.’ तो बोलून गेला आणि मग तिच्याकडे न बघता आळ्यातली माती उकरत बसला.”

काटोलकर:
बरोबर आहे. पानं सकाळीही मलूल दिसली म्हणजे ताण बसत आला. एक गोष्ट घातली का, ताणावर असताना अवकाळी पाऊस आला की सगळी मेहनत जाते? आणि जमीन कोणती आहे त्या बाईची? हलक्या जमिनीत ताण लवकर बसते, भारी काळ्या जमिनीले जास्त दिवस लागतात.

बकुळा (धागाकर्ती):
जमीन मध्यम-भारी, आणि अवकाळी पाऊस आहे! तो पाऊसच कथेला वळण देतो. त्या रात्री तो शेंदुरजन्याहून मोटरसायकलवर निघतो. पुढचं नाही सांगत.

काटोलकर:
मंग एक पुस्तक पाठवा. घरी बायको वाचीन, तिच्यानंतर मी. आणि कळमन्याच्या बाजारातल्या लिलावाचा भाग असेल तर तो मी आधी वाचीन.

हडसन_काठची:
न्यू जर्सीहून अभिनंदन! माहेर लक्ष्मीनगरचं. सुभाषनगर आणि अजनी चौक ही नावं वाचूनच पोटात कालवलं. आम्हाला इकडे छापील प्रत मिळेल का? की किंडलवर आहे?

बकुळा (धागाकर्ती):
‘भेटू बर्डीला’ किंडलवर आहे. केडीपीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वतः ई-पुस्तक काढायच्या सोयीवर, मराठी ई-पुस्तक टाकता येतं. भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के मानधन हवं असेल तर मात्र पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये घालावं लागतं, नाहीतर पस्तीस टक्के. सिलेक्ट म्हणजे नव्वद दिवसांच्या मुदतीत ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही. म्हणून प्रतिलिपीवरचे भाग मी आधी काढले, तिथे वाचकांना तसं सांगून. काही जणी नाराज झाल्या, ते मी समजू शकते. ‘आंबिया’ सध्या फक्त छापील. परदेशातल्यांसाठी तिचंही ई-पुस्तक आणते.

इतवारीची_लेक:
आता माझ्याकडची बातमी. काल आमच्या भिशीत बकुळाला बोलावलं होतं. गांधीबागेतल्या वहिनींकडे भिशी होती, सगळ्या मिळून पंधरा-वीस जणी. तिने मेट्रोत दोघं पहिल्यांदा बोलतात तो भाग वाचला. आमच्या शेजारच्या काकू, ज्यांनी आयुष्यात पोथीशिवाय काही वाचलं नाही, त्या म्हणाल्या, ‘थांबू नको न, पुढे वाच.’ ज्यांना वाचता येत नाही अशा दोघींनीही प्रती घेतल्या, नात वाचून दाखवेल म्हणून. अजून दोन भिश्यांचं बोलावणं आलं आहे, एक रेशीमबागेतून, एक मानेवाड्याहून.

फर्मा:
भिशीची कल्पना उत्तम. मी माझ्याकडे येणाऱ्या लेखकांना हेच सांगणार. प्रकाशन समारंभाला हॉल, शाल, नारळ, अल्पोपाहार यांवर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात शंभर प्रती छापून होतात. समारंभ झाला की पाहुणे जातात, प्रती तिथेच राहतात.

बकुळा (धागाकर्ती):
अगदी. मी समारंभ केलाच नाही. मुखपृष्ठावर मात्र हात आखडला नाही. चित्रकाराकडून खास चित्र काढून घेतलं, बाजारात मिळणारी तयार जोडप्याची छायाचित्रं टाळली. मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढं दिसलं तरी ओळखू आलं पाहिजे, हा निकष ठेवला. रीलसुद्धा काढते, पण त्यात मी पुस्तकाचं कौतुक करत नाही. सीताबर्डी स्थानकाच्या जिन्यापाशी उभी राहून एक परिच्छेद वाचते, बस. लोकांना ते ठिकाण ओळखीचं असतं आणि तिथे कोणाचं तरी प्रेम जमलं, हे ऐकायला आवडतं.

टपालाबद्दल निरोपातून बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून सांगते. पूर्वीचं रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट आहे, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर. पुस्तकावर प्रकाशक किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं हवं आणि आत जाहिराती नकोत. मुळात ती शैक्षणिक, सांस्कृतिक पुस्तकांसाठीची सोय आहे, त्यामुळे कादंबरी घेतात का ते आधी आपल्या टपाल कार्यालयात विचारून घ्या. नाहीतर स्पीड पोस्ट, रजिस्टर्ड पोस्टही आता त्यातच विलीन झालं आहे. कुठल्याही मार्गाने पाठवा, कोपऱ्यांना जाड पुठ्ठा लावा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. पावसाळ्यात भिजलेलं पुस्तक वाचकाला मिळालं तर ती पुन्हा मागवत नाही.

निरंजन_न:
‘आंबिया’ धरमपेठेतून आणली. वाचून झाली. प्रचाराबद्दलचं माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण दीर आणि ती यांच्यातला हिशेबाच्या वहीचा प्रसंग वाचताना मला माझी धाकटी बहीण आठवली. तिला पस्तिसाव्या वर्षी वैधव्य आलं आणि आम्ही भावांनी तिच्या आयुष्याचे निर्णय परस्पर घेतले. तिला काय हवं आहे हे कोणी विचारलं नाही. पुस्तक तिला पाठवतो आहे. शेवटची दोन प्रकरणं जरा घाईत झाली असं वाटलं, मुलीची संमती फार लवकर मिळते. पुढच्या आवृत्तीत तिला आणखी भांडू द्या.

बकुळा (धागाकर्ती):
काका, तुम्ही वाचलंत, बहिणीला पाठवताय आणि मुलीचा मुद्दाही नेमका धरलात. तो प्रसंग मी पुन्हा लिहायला घेते. ‘आंबिया’ची पुढची खेप ऑफसेटवर काढायची आहे, त्याआधी बदल करता येईल. बहिणीला म्हणावं, मला जरूर कळवा. त्या तयार असतील तर मी भेटायला येईन.

कोवळं ऊन, तुझ्या प्रकाशकांचं उत्तर आलं का? मसुदा आला की काळा कोट दादांना दाखव, मगच सही. आणि मानेवाड्याची भिशी येत्या गुरुवारी दुपारी तीनला आहे, मी दोन्ही पुस्तकांच्या प्रती घेऊन येते. ज्यांना वाचून ऐकवायला बोलवायचं आहे त्यांनी इथेच लिहा, बुटीबोरीपासून कामठीपर्यंत कुठेही येईन.